नाल्याकाठचा पालक आणि मातीची शुद्धी

ओमती हे जबलपूरच्या मध्यवस्तीतील एका भागाचे नाव आहे आणि त्या भागातून वाहणाऱ्या नाल्याचेही. मराठी वाचकाला हे शहर तसे परके नाही. एकेकाळी ते नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते, पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा ते भाग होते आणि आजही तिथे जुन्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे. विनोबांनी त्याला ‘संस्कारधानी’ म्हटल्याचे तिथले लोक अभिमानाने सांगतात. मात्र भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला येणारा प्रवासी ओमतीच्या पुलावर थांबत नाही. थांबण्यासारखे तिथे काही नाहीच. दाट वस्तीतून जाणाऱ्या कोणत्याही भारतीय नाल्यात जे वाहते, तेच इथेही वाहते: घरांचे सांडपाणी, गॅरेजमधले तेल, लहानसहान कारखान्यांचे आणि दुकानांचे धुवण. हे पाणी शहराच्या उत्तरेकडे सरकत परियट नदीच्या खोऱ्यात जाते, परियट हिरन नदीला मिळते आणि हिरन नर्मदेला. म्हणजे ज्या नर्मदेच्या काठावर रोज संध्याकाळी आरती होते, तिच्याच पोटात हा सारा प्रवास संपतो.

शहर आणि नदी यांच्या मधल्या टप्प्याबद्दल मात्र आपल्या सार्वजनिक चर्चेत क्वचितच कुणी बोलते. शहर संपून शेती सुरू होते तिथे नाल्याचे पाणी पंपाने उचलले जाते आणि त्यावर भाजी पिकते. पालक, मेथी, कोबी, वांगी, कोथिंबीर. देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या उतारावर हे दृश्य दिसते, जबलपूर त्याला अपवाद नाही. गेल्या हिवाळ्यात मी अशाच एका शेताच्या बांधावर उभा होतो. तिथे राबणाऱ्या शेतकऱ्याने मला सांगितलेला हिशेब साधा होता. विहिरीचे पाणी मार्चमध्ये आटते, नाल्याचे कधीच आटत नाही. आणि नाल्याच्या पाण्यावर खताचा खर्च निम्म्यावर येतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. या माणसाला विष पिकवणारा ठरवून मोकळे होणे ही शहराची सोयीस्कर नीतिमत्ता आहे, कारण ते पाणी त्याच्या शेतापर्यंत पाठवले शहरानेच.

सांडपाण्यातले जंतू उन्हाने, पाणी उकळून, भाजी धुऊन आणि शिजवून बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. जड धातूंचे तसे नाही. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल ही मूलद्रव्ये आहेत. त्यांचे विघटन होत नाही, ती कुजत नाहीत, जळत नाहीत. वर्षानुवर्षे थोडीथोडी मातीत साचत राहतात. शिवाय वनस्पतीच्या मुळांना धातूंमधला फरक नीट कळत नाही. जस्त आणि लोह ही झाडाला हवी असलेली द्रव्ये आत घेण्याची जी दारे मुळांमध्ये असतात, त्याच दारांतून कॅडमियम आत शिरते, कारण रासायनिक वागणुकीत ते जस्ताचे सख्खे भावंड आहे. पालेभाज्या, त्यातही पालकासारख्या भाज्या, हे कॅडमियम पानांत साठवण्यात विशेष पटाईत असतात.

मातीतले विष उपसून पानांत साठवण्याच्या या गुणालाच विज्ञान गेली तीसेक वर्षे मोठ्या आशेने पाहत आले आहे. प्रदूषित जमिनीवर अशी रोपे लावायची, त्यांनी धातू शोषून घेतले की ती कापून न्यायची आणि घातक कचरा म्हणून सुरक्षित ठिकाणी नष्ट करायची. काही हंगामांनी माती हळूहळू हलकी होते. आपल्या ओळखीची मोहरी या कामातली एक प्रमुख उमेदवार आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक नेचा शोधला, जो मातीतले आर्सेनिक आपल्या पानांत आश्चर्यकारक प्रमाणात साठवतो. सजीवांकडून माती साफ करून घेण्याच्या या शास्त्राला आपण ‘जैवशुद्धी’ म्हणू.

आता पुन्हा ओमतीच्या उतारावरच्या त्या शेताकडे पाहा. तिथे जैवशुद्धी चालूच आहे. रोपे धातू शोषत आहेत, पीक कापले जात आहे, गाडीत भरून दूर नेले जात आहे. फरक एवढाच की गाडी घातक कचऱ्याच्या खड्ड्याकडे न जाता पहाटेच्या भाजीबाजारात जाते. शहराने नाल्यात सोडलेले थोडे थोडे शहराच्याच ताटात परत येते आणि या सेवेचा मोबदला शेतकऱ्याला जुडीच्या भावाने मिळतो.

योगायोग असा की या प्रश्नावर काम करायला देशात जबलपूरइतके योग्य ठिकाण शोधूनही सापडणार नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय याच शहरात आहे. १९८९ मध्ये ते राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाले. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ पासून इथेच आहे आणि उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थाही इथलीच. तण संशोधनवाल्यांचे मूळ काम तण मारण्याचे. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले आणि नंतर देशभर पसरलेले गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे वाढवून ते शेतकऱ्यांना पुरवणारी ही संस्था. पण याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काही तणांना नोकरी देण्याचाही विचार केला. पाणकणीस, नळ-बोरूच्या जातीचे उंच गवत, वाळा अशा वनस्पती घाण पाण्यात जोमाने वाढतात, धातू मुळांशी धरून ठेवतात आणि त्या कुणी खात नाही. नाल्याचे पाणी शेतात जाण्यापूर्वी अशा वनस्पतींनी भरलेल्या उथळ कुंडांतून सावकाश फिरवायचे, ही त्यामागची कल्पना. माती बिघडल्यावर ती दुरुस्त करण्यापेक्षा बिघडवणारे पाणी दारातच गाळणे किती तरी स्वस्त. नागपूरच्या ‘नीरी’नेही सांडपाण्यासाठी याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाचे तंत्र विकसित केले आहे.

वनस्पतींपेक्षा सूक्ष्मजीवांची कहाणी जास्त नाट्यमय आहे, आणि तिच्यात भारतीय नावे ठळक आहेत. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत असताना त्यांनी खनिज तेलातले अनेक घटक खाऊ शकेल असा जिवाणू प्रयोगशाळेत घडवला. सजीवाचे पेटंट घेता येते का, या प्रश्नावर तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला. जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाची पायाभरणी या निकालाने झाली असे मानतात. गंमत म्हणजे तो प्रसिद्ध जिवाणू तेलगळती साफ करायला कधी समुद्रात सोडलाच गेला नाही. प्रत्यक्षात उपयोगी पडली ती फार साधी युक्ती. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल पसरले, तेव्हा तिथे खत फवारण्यात आले. तेल खाणारे जिवाणू किनाऱ्यावर आधीपासून होतेच. त्यांना नत्र आणि स्फुरद कमी पडत होते. ते मिळताच त्यांच्या कामाचा वेग वाढला. अर्थात जिथे तेल दगडगोट्यांखाली हवेविना अडकले, तिथे ते पुढे दशकानुदशके सापडत राहिले.

भारतात ‘टेरी’ने, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने, तेल खाणाऱ्या देशी जिवाणूंचे मिश्रण तयार केले. मक्याच्या कणसाच्या भुशावर वाढवलेले हे मिश्रण ‘ऑइलझॅपर’ या नावाने तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर आणि तेल सांडलेल्या शेतांवर वापरले गेले. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळून तेल किनाऱ्यावर आले, तेव्हा ते तिथेही वापरले गेले. तेलाच्या बाबतीत ही पद्धत खरोखर चालते, कारण तेल हे जिवाणूचे अन्न आहे. ते खाऊन त्याचा कार्बन वायू आणि पाणी होते. धातू हे कुणाचेच अन्न नाही. जिवाणू फार तर त्याचे रूप बदलू शकतात, जसे की क्रोमियमचे विषारी, पाण्यात विरघळणारे रूप पालटून तुलनेने निरुपद्रवी, मातीला चिकटून बसणारे करणे. कानपूरजवळची रानिया आणि तमिळनाडूतले राणीपेट इथे क्रोमियमच्या कचऱ्याने भूजल पिवळे पडले आहे, तिथे हा फरक फार मोलाचा ठरू शकतो.

मला या साऱ्यात सर्वांत आश्वासक वाटते ते उदाहरण जबलपूरपासून एका रात्रीच्या अंतरावर, विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव इथे मॉइल कंपनीची मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या निरुपयोगी दगडमातीचे डोंगर तिथे उभे होते. त्यात सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाही, ओल धरून ठेवण्याची ताकद नाही, आणि नत्र स्थिर करणारे जिवाणूही जवळजवळ नाहीत. त्यावर गवतसुद्धा उगवत नसे. वारा सुटला की धूळ गावावर, पाऊस पडला की गाळ शेतात. ‘नीरी’च्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जे केले ते ऐकायला अगदी घरगुती वाटते. साखर कारखान्यातून फुकटात जाणारे प्रेसमड खड्ड्यांत घातले, रोपांच्या मुळांना त्या त्या झाडाला मानवणारे रायझोबियम आणि अॅझोटोबॅक्टर लावले, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी दिली. ही बुरशी मुळांची पोच वाढवते, पाणी आणि स्फुरद आणून देते आणि काही धातू स्वतःकडे अडवून ठेवते. त्यावर आपल्याकडचीच झाडे लावली. काही वर्षांत ओसाड ढिगाऱ्यांवर जंगल उभे राहिले. पुढे कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवरही ही पद्धत वापरली गेली.

गुमगावमध्ये मँगनीज नाहीसे झाले नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. ते जागच्या जागी अडवले गेले. माती पुन्हा जिवंत झाली आणि धूळ उडायची थांबली, एवढेच. पण तेवढे पुष्कळ होते. शिवाय एका खाणकंपनीच्या मालकीच्या जागेवर, एका सरकारी प्रयोगशाळेने, अनेक वर्षे टिकून राहून हे काम केले. यातली मालकी आणि सातत्य या दोन गोष्टी नाल्याकाठच्या शेताला नसतात.

जैवशुद्धीच्या नावाखाली खपवल्या जाणाऱ्या भोळ्या आशेबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर जपानमध्ये लोकांनी हौसेने शेकडो ठिकाणी सूर्यफुले लावली. ती किरणोत्सारी सीझियम शोषतील अशी समजूत होती. त्याच वर्षी तिथल्या कृषी मंत्रालयाने चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले: सूर्यफुलांनी घेतलेले सीझियम मातीतल्या प्रमाणाच्या सुमारे दोन हजारांश एवढेच होते. शेवटी वरची माती खरवडून काढावी लागली. त्याच जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि हाडे ठिसूळ करणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाने, ज्याचा शब्दशः अर्थ ‘दुखते, दुखते’ असा आहे, शेकडो बायकांची शरीरे मोडली. तिथे १९७९ पासून २०१२ पर्यंत साडेआठशेहून अधिक हेक्टरांची माती बदलण्याचे काम चालले. भात कॅडमियम शोषतो हे तिथे कळले, पण किंमत माणसांनी मोजल्यावर.

आपल्याकडे ‘जैविक उपचार’ हा शब्द आणखी एका कारणाने धोकादायक झाला आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बजावले की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहीपर्यंत प्रत्येक उघड्या नाल्यावर जागच्या जागी जैविक किंवा अन्य उपचार सुरू करावेत, अन्यथा दर नाल्यामागे महिन्याला पाच लाख रुपये भरावेत. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की अनेक नगरपालिकांसाठी नाल्याच्या कडेला जिवाणूंच्या द्रावणाची टाकी ठेवणे हा दंड टाळण्याचा मार्ग बनला. वाहत्या पाण्यात थेंबथेंब सोडलेले द्रावण काय करते हे मोजायला कुणी जात नाही. टाकीचे छायाचित्र मात्र अहवालात असते. जुन्या कचराडेपोंवरही ‘बायोमायनिंग’ म्हणून जे चालते त्यात ‘बायो’ किती आणि चाळणी किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. म्हणजे भोपाळनंतर दोन वर्षांनी आलेल्या कायद्याखाली बिघडलेल्या जमिनीसाठी स्वतंत्र नियम यायला जवळजवळ चार दशके लागली. त्या वेळी देशात १०३ प्रदूषित स्थळे नोंदली गेली होती आणि शुद्धीचे काम सुरू झाले होते ते केवळ सात ठिकाणी. नव्या नियमांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ठरावीक मुदतीत तपासणी करायची, आणि ज्याने प्रदूषण केले त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा दिवाळखोर निघाला तर केंद्र आणि राज्य यांनी भार उचलायचा. उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ‘जो बिघडवील तो भरील’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानले होते, त्याला आता कार्यपद्धती मिळाली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र खाणकामातून, किरणोत्सारी कचऱ्यातून, समुद्रातल्या तेलगळतीतून आणि शहरी कचराडेपोतून झालेले प्रदूषण सामान्यतः या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणजे गुमगावसारख्या ढिगाऱ्यांवर आपल्याला काय जमते हे आपण सिद्ध केले, आणि नियम तिथेच थांबले. नियम करणाऱ्यांच्या मनातले चित्र बंद पडलेल्या कारखान्याच्या आवाराचे आहे. तीस वर्षे नाल्याचे पाणी पिऊन हळूहळू बिघडलेले दोन एकरांचे भाजीचे रान त्या चित्रात बसत नाही. तिथे बिघडवणारा एकच एक नाहीच. अख्खे शहरच दोषी असते आणि म्हणून कुणीच नसते.

कारखान्याच्या आवाराचे चित्र म्हणाल तर तेही जबलपूरला अपरिचित नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ याच शहरात आहे, आणि याच पीठाने ३ डिसेंबर २०२४ रोजी, वायुकांडाला चाळीस वर्षे होत असताना, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला विषारी कचरा चार आठवड्यांत हलवा असे खडसावले. जानेवारी २०२५ च्या पहिल्या दिवशी ३३७ टन कचरा बंद कंटेनरांतून पीथमपूरला निघाला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत जाळून झाला. चुना वगैरे मिसळावा लागत असल्याने उरलेली राख मूळ कचऱ्याहून वजनाने जास्त भरली. वर्तमानपत्रांनी एका अध्यायाचा शेवट झाल्याचे लिहिले. पण ते ३३७ टन म्हणजे गोण्यांत भरून ठेवलेला कचरा होता. कारखान्याच्या आवारात आणि आसपास बिघडलेली माती सुमारे ११ लाख टन असल्याचा अंदाज ‘नीरी’ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने २०१० मध्येच दिला होता. एवढी माती कुठल्या भट्टीत जाळणार?

तिथे पुन्हा सजीवांकडेच वळावे लागेल असे मला वाटते, निदान अंशतः. त्या मातीत लिंडेनच्या कुळातली कीटकनाशके आहेत. ती पचवणारा एक जिवाणू भारतातल्याच उसाच्या मुळांजवळच्या मातीत सापडला, आणि दिल्ली विद्यापीठात प्रा. रूप लाल यांच्या प्रयोगशाळेने त्याच्यावर दीर्घ काळ काम केले. पारा मात्र त्या मातीत आहेच, आणि तो कुठल्याही जिवाणूच्या पोटात संपणार नाही.

ओमतीच्या उतारावर एवढ्या अवघड विज्ञानाची गरज नाही. आधी माती, पाणी आणि भाजी यांची नियमित तपासणी आणि तिचे निकाल गावाच्या फलकावर. ते निकाल सध्या शोधनिबंधांत असतात आणि शेतकऱ्याला शोधनिबंध मिळत नाहीत. जिथे प्रमाण जास्त निघेल तिथे पालेभाजीऐवजी झेंडू, वाळा, बांबू, न खाण्याचे काहीही. नाल्याच्या पाण्यासाठी शेताच्या वर पाणकणसाची कुंडे. आणि या बदलाच्या काळात शेतकऱ्याच्या उत्पन्नात पडणारी खोट शहराने भरून काढणे, कारण स्वच्छतेचा कर शहर गोळा करते. शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळ्याचे ज्ञान त्याच शहरातल्या तीन संस्थांत उपलब्ध आहे.

त्या शेतकऱ्याला मी पालकाऐवजी झेंडू का लावत नाही असे विचारले होते. त्याने सांगितले की झेंडू दसऱ्या-दिवाळीला विकतो आणि लग्नसराईत थोडा. पालक रोज विकतो, आणि मुलाच्या शाळेची फी दर महिन्याला भरावी लागते. जमीन त्याची स्वतःची नाही, वर्षाच्या ठेक्याने घेतलेली आहे. माती सुधारायला पाच वर्षे लागतील असे त्याला सांगणाऱ्याने आधी पाच वर्षांचा ठेका कोण देणार हे सांगावे, असेही तो म्हणाला.